पेशीचं दार कुणाला उघडतं?

वाचकांचे प्रश्न आणि जीवशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं, की पेशीभोवतीचं पटल म्हणजे चाळण नव्हे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हे सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी ठाण्यात ३१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. हा धडा मला नेहमीच सगळ्यांत जवळचा वाटत आला, आणि त्याचं कारण खाली एका आजींना दिलेल्या उत्तरात आहे.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिच्या पुस्तकात पेशीपटलाला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटलं आहे. मी तिला समजावलं, की बारीक असेल ते आत जातं, मोठं असेल ते बाहेर राहतं. तुम्ही म्हणता चाळण नव्हे. मग पटल निवडतं तरी कशावरून?
(एक पालक, कळवा)

उत्तर : आकारावरून निवड होत असती तर मीठ सगळ्यांत आधी आत शिरलं असतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात. सोडियमचा आयन साखरेच्या रेणूपुढे अगदी चिमुकला, तरी नुसतं पटल त्याला जवळजवळ शिरकावच देत नाही. उलट आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक घ्या. त्याचा रेणुभार ३६२, ग्लुकोजचा १८०. म्हणजे कॉर्टिसॉल दुपटीनं जड, पण ते पटलातून सरळ पलीकडे जातं आणि ग्लुकोज बाहेर ताटकळत राहतं.

याचं कारण, पटल मुळात स्निग्ध आहे. त्याचा प्रत्येक रेणू दोन स्वभावांचा असतो: डोक्याला पाणी आवडतं, दोन शेपट्यांना तेल. असे रेणू दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे. दोन्हीकडे पाणी आणि मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा. सगळी जाडी मिळून ७-८ नॅनोमीटर. वहीचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याच्या जाडीला पोचायला अशी १३,००० पटलं एकावर एक रचावी लागतील. एवढ्या पापुद्र्याशी येऊन सोडियम अडतो, कारण विद्युतभार असलेला आयन नेहमी पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. तेलात शिरायचं तर ते पाणी मागं सोडावं लागतं, आणि ते त्याला फार जड जातं. कॉर्टिसॉल तेलात विरघळणारं, त्याला हा अडसर नाही.

हे प्रथम ओळखलं ते अर्न्स्ट ओव्हर्टन यांनी, १८९०च्या दशकात, झुरिकमध्ये. वनस्पतींच्या मुळांवरच्या केसांसारख्या पेशींवर त्यांनी शेकडो पदार्थ लावून पाहिले. तेलात विरघळणारं लवकर आत जातं, हे त्यांना दिसलं. पटलाला कुणी सूक्ष्मदर्शकात पाहिलेलंही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. थर दोन आहेत हे १९२५ साली गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला स्निग्ध पदार्थ पाण्यावर पसरवून दाखवलं. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरला.

मुलीला हे घरात दाखवायचं असेल तर बीट आणा. विळीवर त्याच्या जाडसर चकत्या करा आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जायला हवा, ही पायरी गाळू नका. मग एक चकती गार पाण्याच्या ग्लासात टाका, दुसरी हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात आणि तिसरी द्रवरूप सॅनिटायझरमध्ये. (तिसरी नंतर फेकून द्यायची, खायची नाही.) अर्ध्या तासानं गार पाणी जेमतेम गुलाबी दिसतं, बाकी दोन्ही ग्लास लालभडक. रंगाचा रेणू तोच आणि बाहेर पाणीही मुबलक, पण गार पाण्यात पटल शाबूत होतं म्हणून रंग आत राहिला. उष्णतेनं आणि अल्कोहोलनं पटलाची घडी विस्कटली आणि रंगाला वाट मिळाली. कुकरमध्ये उकडलेलं बीट दह्यात घातल्याबरोबर कोशिंबीर लाल होते ती यामुळेच.

मग साखर, मीठ, पाणी पेशीत जातात कसे? तेलाच्या त्या पापुद्र्यात प्रथिनं रोवलेली असतात, ती दारं. काही नुसती भोकं, काही एका बाजूनं पाहुण्याला धरून दुसऱ्या बाजूला सोडणारी, आणि काही ऊर्जा खर्चून, उतार सोडून चढावर ओझं नेणारी. पाण्याचंसुद्धा स्वतःचं दार आहे. ते पीटर अ‍ॅग्री यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सिद्ध झालं, आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. असल्या एका दारातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात, पण आयन एकही नाही.

चाळण हा शब्द मला म्हणूनच नको वाटतो. चाळणीला भूक लागत नाही, आणि सकाळी एक आणि दुपारी दुसरं असं तिचं वागणं नसतं. पेशीचं असतं. जेवणानंतर इन्शुलिन आलं की स्नायूची पेशी आत ठेवलेली ग्लुकोजची दारं पृष्ठभागावर आणून बसवते, आणि नंतर ती काढूनही घेते. तुमच्या मुलीला ‘निवडक्षम’ हा शब्द पाठ असेल. त्यातल्या निवडीकडे तिचं लक्ष वेधा.

प्रश्न : बाई, नातू अडीच वर्षांचा आहे. पावसाळ्यात त्याला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी ओआरएसच्या पुड्या दिल्या. आमच्याकडे जुलाबात गोड देत नाहीत आणि पुडीत तर साखरच असते. नुसतं उकळलेलं पाणी किंवा मीठ-पाणी का चालत नाही? सून मोठी पुडी एका ग्लासातच कालवते, म्हणजे त्याला थोडंच प्यावं लागेल. हे बरोबर आहे का?
(एक आजी, घणसोली)

उत्तर : आजी, मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तीच चूक मी स्वतः केली आहे.

१९८८चा जुलै. आम्ही कोपरीला दोन खोल्यांत राहत होतो. मुलगा तीन वर्षांचा होता, सकाळपासून पाण्यासारखे जुलाब चालू होते. पुडीवर स्पष्ट लिहिलं होतं: एक लिटर पाण्यात. पण पोर दोन घोटांच्या वर पीत नव्हतं. मला वाटलं, औषध काय ते पुडीत आहे, पाणी नुसतं कालवायला. मी सगळी पुडी एका स्टीलच्या पेल्यात ओतली, चव फारच खारट लागली म्हणून वर दोन चमचे साखर घातली, आणि गोष्टी सांगत सांगत ते सगळं त्याला पाजलं. पेला रिकामा झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मध्यरात्रीपर्यंत जुलाब वाढले. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, रडतोय पण डोळ्यांत पाणी नाही. पहाटे गल्लीतल्या डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांनी त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, घडी तशीच राहून सावकाश उतरली. ती घडी मला आजही दिसते. त्यांनी एकच विचारलं, “किती पाण्यात कालवलंत?”

त्याच आठवड्यात मी वर्गात परासरण शिकवत होते. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं, हे फळ्यावर लिहून आले होते. आता हिशेब करा. तेव्हाच्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यात नीट कालवलेल्या ओआरएसचा दाटपणा ३११ होता (मिलिऑस्मोल या एककात), आणि आपल्या रक्ताचा साधारण २९०. मी एक लिटरची पुडी २०० मिलिलिटरमध्ये कालवली, म्हणजे पाचपट: १५०० च्या वर, आणि वरून साखर. समुद्राचं पाणी १००० च्या आसपास असतं. मी माझ्या मुलाला समुद्राहून दाट पाणी पाजलं होतं. ते आतड्यात पोचल्यावर शरीरातलंच पाणी ओढून घेणार, दुसरं काय होणार होतं?

डॉक्टरांनी माझ्याकडून लिटरची बाटली भरून घेतली, नवी पुडी तिच्यात घालायला लावली, आणि दर मिनिटाला एक चहाचा चमचा, असं घड्याळ बघून पाजायला सांगितलं. दुपारी दोनच्या सुमाराला त्यानं लघवी केली तेव्हा मी रडले.

आता साखरेचं. आतड्याच्या पेशीवर एक खास दार आहे. त्यातून एकटा सोडियम जात नाही, एकटं ग्लुकोजही जात नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज मिळून आले तरच ते उघडतं. आत आलेला सोडियम पेशी मागच्या बाजूच्या पंपानं रक्ताकडे टाकते, ग्लुकोजही तिकडेच जातं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी. म्हणजे पुडीतली साखर गोडव्यासाठी नसून मिठासोबत लावायची दुसरी किल्ली आहे. नुसत्या मीठ-पाण्यात ती किल्ली नाही. नुसत्या उकळलेल्या पाण्यात दोन्ही नाहीत, आणि जुलाबावाटे गेलेले क्षारही त्यातून भरून येत नाहीत.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथं मांडली. त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी पटकीच्या (कॉलराच्या) जंतूचं विष शोधून काढलं होतं. ते विष आतड्याच्या पेशींमधलं क्लोराइडचं दार उघडं ठेवतं. क्लोराइड बाहेर वाहतं, पाठोपाठ सोडियम आणि पाणी, आणि माणूस तासातासानं वाळत जातो. पण त्याच पेशीवरचं साखर-मिठाचं दार या विषानं बिघडत नाही. पुढचं दार उघडं पडलं असलं तरी शेजारच्या दारानं पाणी आत आणता येतं, एवढ्याच आधारावर ओआरएस उभं आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात मीठ आणि ग्लुकोज तोलून पिशव्यांत भरून आणवलं, ते पिण्याच्या पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं १९७८ मध्ये म्हटलं, की साखर आणि मीठ जोडीनं शोषले जातात हा शोध या शतकातला कदाचित सर्वांत मोठा वैद्यकीय शोध ठरेल. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या वर्गात दरवर्षी मी हे नाव फळ्यावर लिहीत असे.

आजच्या पुडीचं सूत्र बदललं आहे. लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. दाटपणा २४५, म्हणजे रक्ताहून मुद्दाम पातळ ठेवला आहे, आणि सोडियम व ग्लुकोज दोन्ही कणांच्या संख्येत समसमान, लिटरमागे ७५-७५ मिलिमोल. या आकड्यांमागे बराच अभ्यास आहे, म्हणून चवीसाठी साखर वाढवू नका आणि पाणी कमी करू नका. सुनेला सांगा, मोठी पुडी लिटरलाच. छोटी २०० मिलिलिटरची पुडीही मिळते, मुलासाठी तीच आणा. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सपाट, शीग नको.

दोन वर्षांच्या वरच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पेज, मऊ भात, ताक चालू ठेवा, उपाशी ठेवू नका. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. शीतपेय देऊ नका: त्यात लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि मीठ नावापुरतं, म्हणजे माझ्या त्या पेल्याचंच भावंड. मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, शौचात रक्त दिसलं, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर चमचा खाली ठेवा आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : केटरिंगमध्ये भांडी घासते. पाण्यात हात राहिले की बोटं सुरकुततात. मुलगा म्हणतो परासरणानं पाणी आत जातं म्हणून. खरं का?
(एक वाचक, मुंब्रा)

उत्तर : मीही बरीच वर्षं वर्गात असंच सांगत होते आणि ते चूक होतं. ज्या बोटाची नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली आहे ते बोट पाण्यात सुरकुतत नाही, हे डॉक्टरांना १९३०च्या दशकापासून माहीत आहे. नुसतं पाणी शिरण्याचा प्रश्न असता तर नसेचा काय संबंध होता? पाण्यात काही मिनिटं गेली की मज्जातंतू बोटाच्या टोकाच्या रक्तवाहिन्या आकसायला लावतात, आतला गर थोडा बसतो आणि वरची कातडी मोकळी पडून तिला चुण्या पडतात. साबणानं कातडी फुटत असेल तर तो वेगळा त्रास आहे. हातमोजे मागून घ्या आणि रात्री खोबरेल लावा.

प्रश्न : रोज सकाळी वाशीच्या खाडीकाठी फिरायला जातो. कुंडीतल्या तुळशीला चुकून मिठाचं पाणी पडलं तर ती मरते, मग ही तिवरं खाऱ्या चिखलात हिरवीगार कशी?
(एक ज्येष्ठ नागरिक, वाशी)

उत्तर : तुळशीच्या मुळाबाहेरचं पाणी मुळाच्या आतल्याहून दाट झालं, की पाणी मुळातून बाहेर निघतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं तसंच. पेशीपटल भिंतीपासून सुटून आत गोळा होतं, पुस्तकात त्याला रससंकोच म्हणतात.

तिवर हे खारफुटीचं झाड, त्याला हा उतार उलटा करावा लागतो. बहुतेक मीठ ते मुळाशीच अडवतं. पानांच्या पेशींत मीठ आणि इतर विद्राव्य पदार्थ साठवून ते आतला दाटपणा समुद्राच्या वर नेतं, आणि पानांतून पाणी उडून जाताना खोडातल्या पाण्याच्या धाग्याला जबरदस्त ताण बसतो. शोलँडर यांनी १९६५ साली खारफुटीच्या फांद्यांमध्ये हा ताण मोजून दाखवला: समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी ओढून काढायला पुरेल इतका. एवढं करूनही जे मीठ वर चढतं, ते पानावरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात.

मी विद्यार्थ्यांना ऐरोलीच्या खाडीकाठी न्यायचे, तेही मुद्दाम मार्च-एप्रिलमध्ये दुपारी. पावसाळ्यात मीठ धुऊन जातं, दिसत नाही. कोरड्या दुपारी तिवराचं पान उन्हात तिरकं धरलं की त्यावर बारीक कण चमकतात. भिंगाखाली ते चौकोनी दिसतात, स्वयंपाकघरातल्या मिठासारखे. बोट फिरवून जिभेला लावलं की पोरं ओरडायची, “मॅडम, मीठच आहे!” कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या पानावर मात्र असं काही सापडत नाही. तो क्षारग्रंथींच्या वाटेला जात नाही, मुळाशीच जवळजवळ सगळं मीठ रोखतो.

आता एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे, कारण तुम्ही रोज तिथून जाता. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात. ती श्वासाची मुळं. मीठ अडवायला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू लागतो आणि चिखलात तो नसतो. रात्री कुणी डंपरनं बांधकामाचा राडारोडा आणून टाकला, तर झाडाला वरवर काही झालेलं दिसत नाही. पण ती मुळं गाडली जातात, मुळांच्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो, मीठ अडवणं थांबतं आणि महिन्यांनी झाड उभ्याउभ्या वाळतं. मग लोक म्हणतात तिवरं आपोआप मेली. ती आपोआप मरत नाहीत. असा भराव दिसला तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार करा, झाड वाळेपर्यंत थांबू नका.

याच खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला क्षारग्रंथी असतात, आणि जास्तीचं मीठ नाकपुड्यांतून गळतं. ठाणे खाडी २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्या ग्रंथींमध्ये जो पंप गच्च भरलेला असतो, तोच तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे. एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ यांना तो १९५७ साली डेन्मार्कमध्ये सापडला, खेकड्याच्या पायाच्या मज्जातंतूंत. त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. खाडीतली चिंबोरीसुद्धा पावसात पाणी गोडं झालं की कल्ल्यांतल्या याच पंपानं अंगातलं मीठ सांभाळते.

प्रश्न : मधुमेहासाठी डॉक्टरांनी नवी गोळी दिली. लघवीच्या तपासणीत भरपूर साखर आली. मी घाबरून गोळी बंद केली.
(पाचपाखाडी, वय ६४)

उत्तर : नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर गोळी तिचं काम करते आहे. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि सोडियमच्या जोडीनं उघडणाऱ्या दारांतून जवळजवळ सगळं परत घेतात. वर आजींना सांगितलं त्याच दाराचं हे भावंड. गोळी ते दार अडवते आणि साखर लघवीवाटे जाते. या कुळाचं मूळ सफरचंदाच्या मुळाच्या सालीत आहे, तिच्यातून असा पदार्थ १८३५ मध्येच वेगळा काढला होता. आपल्या मनानं गोळी बंद करू नका, आजच डॉक्टरांशी बोला. पाणी नीट प्या, लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा. जुलाब, उलट्या किंवा कडक उपास असेल तेव्हा गोळी घ्यायची की थांबवायची, हे त्यांना आधीच विचारून लिहून ठेवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. सोडियमचा पंप थांबला तर पेशी लगेच मरते का? आणि थांबलेला पंप परत सुरू होतो का?
(एक विद्यार्थी, खारघर)

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. थांबलेल्या पंपाचं काय होतं, हे पेशी कुठली आणि कुठे आहे यावर ठरतं. पंपाला एटीपी लागतं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत तिथलं एटीपी संपतं, पंप थांबतो, सोडियम आत साचतो, त्याच्यामागे पाणी जातं आणि पेशी फुगतात. पक्षाघाताच्या रुग्णाला एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्यायचं ते त्यासाठीच. पंप अडवणारी विषंही आहेत. तुमच्या रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर असेल, तिच्या विषानं हृदयाच्या पेशींतला हाच पंप अडतो. तिचं पान किंवा बी कधीही तोंडात घालायचं नाही, आणि लहान भावंडांनाही हे सांग.

पण पंप नुसता मंदावून परत सुरू झालेला पाहायचा असेल, तर रक्तपेढीतली पिशवी बघ. तांबड्या पेशी तिथं २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्या थंडीत पंप जवळजवळ थांबतो. पेशीतला पोटॅशियम थेंबाथेंबानं बाहेर झिरपत राहतो, सोडियम आत येतो, आणि पिशवीतल्या द्रवात पोटॅशियम दिवसागणिक वाढतं. योग्य द्रावण घातलं असेल तर पिशवी ४२ दिवसांपर्यंत वापरता येते, आणि तारीख तिच्यावर छापलेली असते. नवजात बाळाला रक्त देताना डॉक्टर शक्यतो ताजी पिशवी मागतात, त्याचं एक कारण हे पोटॅशियम.

मग ती पिशवी कुणाला तरी चढते. पेशी ३७ अंशांच्या रक्तात येतात, त्यांना ताजं ग्लुकोज मिळतं, एटीपी तयार होऊ लागतं. महिनाभर गारठून पडलेला पंप पुन्हा फिरायला लागतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. पुढच्या काही दिवसांत त्या पेशी आपलं गेलेलं पोटॅशियम परत मिळवतात, एका अनोळखी माणसाच्या अंगात.